तरस आवडतं म्हटलं की लोक हसतात

प्रश्न असा आला आहे: "इतकी वर्षं प्राणिसंग्रहालयात कीपर म्हणून काढलीत, तुमचा सगळ्यात आवडता प्राणी कोणता? माझी बारावीतली मुलगी हेच काम करायचं म्हणते. पण पिंजऱ्यात ठेवून खरंच वन्यजीव वाचतात का, की आपली नुसती मनाची समजूत?"

आधी सोपा भाग. माझा आवडता प्राणी तरस.

लोकांना वाघ ऐकायचा असतो. सहलीला आलेली पोरं विचारतात, त्यांचे मास्तर विचारतात, आणि तरस म्हटलं की आधी हसतात. तरसाच्या कठड्यापाशी कुणी फारसं थांबत नाही. थांबलंच तर "ई, कसलं दिसतंय" म्हणून पुढे वाघाकडे. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती, अंगावर विस्कटलेले केस, चाल लंगडल्यासारखी. देवाने घाईत उरकलेला प्राणी, असं आमचा एक जुना सहकारी म्हणायचा. शिवाय मढी खाणारा. आपल्याकडे एवढं पुरतं एखाद्याचं नाव खराब व्हायला.

आमच्याकडे एक मादी होती. पुरंदरच्या बाजूला माळावरच्या विहिरीत पडली होती. मागच्या पायाचं हाड मोडून वाकडंच जुळलं, म्हणून परत सोडता आली नाही. तिला सगळे 'काकू' म्हणायचे. तिची कामं माझ्याकडे आली आणि मी तरसाच्या प्रेमात पडलो.

सकाळी पहिलं काम म्हणजे हजेरी: प्राणी दिसतोय ना, उठून बसलाय ना, रात्रीचं खाल्लंय ना. दुसरं काम विष्ठा बघायची. हसू नका, अर्धी डॉक्टरी तिथेच असते. तरसाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते, कारण त्याने हाडं नुसती चघळलेली नसतात, पचवलेली असतात. म्हशीच्या मांडीचं हाड काकू तोंडात तिरकं धरायची, डोळे अर्धे मिटायची, आणि मग जो आवाज यायचा तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. विष्ठा दोन दिवस काळपट, सैल आली की समजायचं, हाड कमी पडलंय किंवा पोटात काही गडबड आहे. मग नमुना डबीत भरून डॉक्टरांकडे.

तिची आणखी एक सवय मला तासन् तास बघावीशी वाटायची. तरसाच्या शेपटीखाली गंधग्रंथी असते. उंच गवताच्या काडीवरून ती मागचं अंग पुढे ढकलत जायची आणि काडीवर पिवळसर चिकट थेंब राहायचा. साबणासारखा उग्र वास. आम्ही गवत कापलं की दोन दिवस ती अस्वस्थ, फेऱ्याच फेऱ्या. मग मी आवाराच्या कडेचं गवत कापायचं बंद केलं. बागेच्या माणसांना ते अस्ताव्यस्त वाटायचं, पण तिच्या दृष्टीने ती घराची पाटी होती, आणि ती आम्ही दर महिन्याला पुसत होतो.

आणि हो, ते विकट हास्य वगैरे आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचं. आपलं पट्टेवालं तरस मुकाटपणे जगतं. घाबरलं की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ ताठ उभी राहते आणि बघता बघता ते कितीतरी मोठं दिसायला लागतं. सुरुवातीला मी नुसता किल्ल्या वाजवत आलो तरी काकूची आयाळ उभी व्हायची. पुढे हळूहळू अर्धीच. मग एक दिवस मी जाळीबाहेर झाडू मारत होतो आणि ती माझ्याकडे ढुंकूनही न बघता हाड फोडत बसली. मला त्या दिवशी काय आनंद झाला हे घरी समजावून सांगता आलं नाही. ती शुद्धीत असताना मी तिला एकदाही हात लावलेला नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण मोबाइलवर वाघाच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजणारी, बिबट्याला कुरवाळणारी माणसं दिसतात आणि प्राण्यांवर प्रेम करणं म्हणजे हेच, असं पोरांना वाटतं. हाताने वाढवलेलं पिल्लू माणसाला भीत नाही. बिबट्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की ते पुन्हा जंगलात सोडता येत नाही, आणि सोडलंच तर पहिल्याच वस्तीत जाऊन उभं राहतं. कुरवाळलं तुम्ही, भोगायचं त्याने. चांगला कीपर आपल्या प्राण्याला कंटाळवाणा वाटला पाहिजे.

बाकीचे आवडते पटकन सांगतो. अस्वल, कारण त्याला डोकं आहे. ओंडक्याला गिरमिटाने भोकं पाडून त्यात मध आणि गुळाचं पाणी भरून ठेवलं की ते ओठ नळीसारखे पुढे काढून असं ओढतं की पंप चालू झाल्यासारखा आवाज येतो. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी ओढायची सोय असते. माझ्या वयाच्या लोकांनी दारात दरवेश्याबरोबर आलेलं, नाकात वेसण घातलेलं अस्वल पाहिलेलं असतं. ती प्रथा आपल्या देशात २००९ च्या सुमारास जवळजवळ संपली, दरवेशांना दुसरा पोटापाण्याचा धंदा मिळवून देऊन. निव्वळ धाड घालून ती संपली नसती. दुसरी पिसोरी, सशापेक्षा जरा मोठा, हरणासारखा प्राणी, तिच्याबद्दल पुढे येईलच. तिसरं गिधाड. माकडांशी मात्र माझं कधी जमलं नाही. ती डूख धरतात आणि नेम चांगला असतो.

आता तुमचा खरा प्रश्न.

प्राणिसंग्रहालयात प्राणी ठेवला म्हणजे संवर्धन झालं, असं मी म्हणणार नाही. पूर्वी तर तो निव्वळ तमाशाच होता: सिमेंटची खोली, पुढे गज, आत एकटा जीव दिवसभर डोकं हलवत. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, मान्यता घेणं सक्तीचं झालं, आणि गजांच्या जागी हळूहळू खंदक आणि मोकळी आवारं आली. पुण्यात पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले तेही याच काळात. बदल झाला, खरंच झाला. पण जागा सुधारली म्हणून काम सुधारतंच असं नाही.

पांढऱ्या वाघाचंच घ्या. गर्दी सगळ्यात जास्त त्याच्यापुढे. आणि तो वेगळ्या जातीचा वाघ नव्हेच, एका जनुकातल्या बदलाने रंग गेलेला साधा पट्टेरी वाघ. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी 'मोहन' नावाचा एक पांढरा बछडा पकडला, आणि पुढे बाप-लेक, भाऊ-बहीण असे संबंध घडवून ती प्रजा वाढवली गेली. तिरळे डोळे त्या रंगाच्या जनुकासोबतच येतात, आणि बाकीची जन्मजात व्यंगं या जवळच्या संबंधांतून आली. जंगलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. वाघीण व्यायली की पेपरात फोटो येतो, "संवर्धनाला यश" असा मथळा असतो. मी तो वाचून पान उलटतो. प्राणिसंग्रहालयात वाघ वाढवणं अवघड नाही. खायला द्या, जोडी जमवा, पिल्लं होतात. ती पिल्लं जंगलात जात नाहीत, नवीन पिंजरा मागतात.

मग उपयोग कुठे होतो? जिथे जंगलातली संख्या इतकी कोसळलेली असते की बाहेरच्या आधाराशिवाय जात टिकणार नाही, आणि जिथे बंदिस्त जागेत जन्मलेला जीव परत सोडता येतो, तिथे.

सुसरीचं उदाहरण जुनं आहे. लांब चिंचोळ्या जबड्याची, मासे खाणारी सुसर सत्तरच्या दशकात देशात दोनशेसुद्धा उरली नव्हती. १९७५ पासून नदीकाठची अंडी गोळा करून उबवायची, पिल्लं थोडी मोठी करून चंबळसारख्या नद्यांत सोडायची, असं काम सुरू झालं. ओडिशातल्या नंदनकाननला नर कमी पडला, तो थेट जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणला, आणि १९८० मध्ये तिथे बंदिस्त जागेत सुसरीची पिल्लं झाली, जगात पहिल्यांदा. तो नर फ्रँकफर्टमध्ये नसता तर? असं कधी कधी मनात येतं.

पिसोरीची गोष्ट हैदराबादची. नेहरू प्राणिसंग्रहालय आणि तिथल्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिचं प्रजनन हाती घेतलं. हा प्राणी सह्याद्रीतही आहे, पण रात्री फिरणारा, पालापाचोळ्यात उभा राहिला तर दोन हातांवरून दिसत नाही. जंगलात त्याचा अभ्यास करणं महाकठीण. बंदिस्त जागेत नोंदी ठेवल्या तेव्हा कळलं की मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. म्हणजे नर त्या वेळी सोबत हवा, आणि पिलाला धोकाही नको, अशी आवारं बांधायला लागतात. हे कळल्यावर संख्या वाढली आणि २०१७ पासून ती तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. आधी मोठ्या कुंपणात ठेवायचं, हळूहळू आयतं खाणं कमी करायचं, आणि मग बाहेर. ही बातमी किती जणांनी वाचली? पिसोरीबरोबर सेल्फी निघत नाही ना.

पण मला विचाराल तर या सगळ्याचा कस लागला तो गिधाडांवर.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आकाश गिधाडांनी भरायचं. नव्वदच्या दशकात ती नाहीशी व्हायला लागली. आधी कुणाला पत्ताच लागेना का ते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत हजारात एक एवढीच उरली, लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरातली तीन-चारच. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण हाती लागलं: डायक्लोफिनॅक. गुरांना दुखण्यावर, तापावर सर्रास टोचलं जाणारं स्वस्त औषध. जनावर इंजेक्शननंतर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेलं गिधाड उघडलं तर काळजावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो युरिक आम्लाचा.

आणि इथे एक हिशेब कळला पाहिजे. दर शंभर मढ्यांमागे एकातसुद्धा औषध नसेल, तरी एवढी पडझड होऊ शकते असं अभ्यासात दिसलं. गिधाड एकटं जेवत नाही, एका ढोरावर पन्नास बसतात. आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिलाला वयात यायला पाच-एक वर्षं. जाण्याचा वेग तो, भरून येण्याचा हा.

हरयाणात पिंजोरला त्याच सुमारास प्रजनन केंद्र उभं राहिलं. तिथली पद्धत ऐकण्यासारखी आहे. केंद्रात जे मांस द्यायचं त्या शेळ्या आधी काही दिवस तिथेच बांधून ठेवायच्या, म्हणजे अंगात औषध असेल तर उतरून जाईल. पहिलं अंडं काढून यंत्रात उबवायचं, म्हणजे काही जोड्या दुसरं अंडं घालतात. पिल्लं माणसाला सोकावू नयेत म्हणून आत जायचं ते अगदी गरजेपुरतं, बाकी कॅमेऱ्यातून बघायचं. वाचणाऱ्याला हे नीरस वाटेल. मला त्या लोकांना भेटून कडकडून मिठी मारावीशी वाटते.

२०२४ च्या जानेवारीत तिथून वीस गिधाडं महाराष्ट्रात आली, निम्मी ताडोब्याला आणि निम्मी पेंचला. काही महिने तिथल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, अंगावर जीपीएस लावून त्याच वर्षी सोडली. सगळी टिकली नाहीत. काही पार दुसऱ्या राज्यांत फिरून आली. बंदिस्त जागेत वाढलेल्या पाखराला वारा, तारा, मढं शोधणं हे सगळं बाहेर पडूनच शिकायचं असतं आणि त्यात बळी जातात. ते मान्य करूनच हे काम करावं लागतं. पण औषध बाजारात असेपर्यंत कितीही पिल्लं वाढवा, ती विषात सोडल्यासारखीच. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार तीन मिलीवर आणला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम चालतं, गिधाडांना त्याचा त्रास होत नाही. तुमच्याकडे गुरं असतील तर डॉक्टरांकडे नाव घेऊन मागा. एवढ्या एका वाक्यासाठी हे उत्तर लांबलं तरी चालेल.

आता आपल्या पश्चिम महाराष्ट्राचं एक सांगतो, कारण मुलीला इथलंच काम बघायला मिळेल. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात बिबट्या उसात राहतो. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मजूर घाबरून बाजूला होतात, किंवा कौतुकाने उचलतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथले डॉक्टर आणि वन विभागाची माणसं येतात. पिल्लं तपासतात, ओळखीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी चिप त्वचेखाली घालतात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत जिथे सापडली तिथेच, त्याच सरीत, क्रेटमध्ये ठेवतात. झाकण असं की आईने पंजाने ढकललं तर पडावं. वर एक कॅमेरा. माणसं लांब गाडीत, दिवे बंद. मी अशा एका रात्री सोबत होतो. मादी आली ती सरळ आली नाही. क्रेटभोवती फिरली, बांधावर बसली, पुन्हा फिरली. मग झाकण पाडलं, एक पिल्लू मानेला धरून उसात नाहीशी झाली, आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्यासाठी परत आली. पिल्लं मिळाली नाहीत तर मादी बिथरते आणि धोका वाढतो, हे गावकऱ्यांना आता पटलंय. काही ठिकाणी तेच फोन करतात.

याच भागात २००० नंतरच्या काही वर्षांत बिबटे पकडून दूर नेऊन सोडायचा सपाटा लावला होता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या गोंधळतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. प्रत्येक बिबट्या दिसला की "पिंजरा लावा" म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तरसावर परत येतो, कारण तिथे प्राणिसंग्रहालयाचं काही चालत नाही. तरस, लांडगा, खोकड, चिंकारा ही सगळी माळरानाची मंडळी. माळरानावर झाडं नाहीत, म्हणून सरकारी कागदांत त्याची गणती बहुतेक वेळा पडीक जमिनीत होते. पडीक म्हटलं की त्यावर कारखाना टाका, प्लॉट पाडा, नाहीतर पुण्य म्हणून वृक्षारोपण करा. माळावर झाडं लावणं हे तरसाचं घर मोडणंच आहे, पण हे बोललं की लोक आपल्यालाच पर्यावरणाचे शत्रू ठरवतात. बारामती, सासवड, दौंडकडच्या माळांवर आजही पहाटे तरस घरी परतताना दिसतं. पोल्ट्रीने टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, मेलेली मेंढरं खाऊन जगतं. गाडीखाली चिरडूनही तितकंच मरतं. काकूसारखी दहा तरसं मी उत्तम सांभाळू शकेन, त्यांची पिल्लंही होतील. सोडायचं कुठे, ते सांगा.

मुलीबद्दल. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी किंवा पशुवैद्यकीय पदवी, दोन्ही वाटा चांगल्या. संशोधनाकडे ओढा असेल तर पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचा वन्यजीव विषयातला अभ्यासक्रम. प्रत्यक्ष कीपरची जागा बहुतेक महापालिकेची असते, भरती क्वचित निघते, पगार बेताचा, आणि दिवाळीलाही प्राण्यांना खायला लागतं. दिवसाचा मोठा भाग झाडू, बादली, नोंदवही यातच जातो. आता मुली या कामात येतात आणि, माझं मत विचाराल तर, नोंदी पोरांपेक्षा नीट ठेवतात.

आधी एखाद्या उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाऊ द्या, आणि जाण्यापूर्वी रेबीज व धनुर्वाताची लस टोचून घ्या, याला हयगय नको. तिथे गेल्यावर तिला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची सवय लागली पाहिजे. आमच्यात अनुभवी माणूस त्यावरूनच ओळखतात. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात रीतसर परवानगी काढून सुट्टीच्या वारी जाता आलं तर उत्तम. पुण्यात आणि मुंबईत ती बुधवारी असते. गर्दी नसते, तेव्हा प्राणी कसे वागतात ते खरं दिसतं, आणि कीपरला बोलायला वेळ असतो. बाकीच्या दिवशी आम्ही कठड्यावरून वेफर्स फेकणाऱ्यांच्या मागे धावत असतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ३८ जे प्रमाणे त्याला तुरुंगवासही होऊ शकतो, तेही तिला सांगून ठेवा. तिच्या मैत्रिणींना उपयोगी पडेल.